चूलबंद आवतन

५ जाने., सोमवार

आज परत चिडले. यंदा पोरांवर ओरडायचं नाही असं ठरवलं होतं, पाचव्या दिवशी खलास. मागच्या वर्षी संक्रांतीपर्यंत तरी टिकलं होतं.

कारण काय, तर खिचडीची पंगत. गावातली पोरं व्हरांड्यात भिंतीला टेकून बसतात. वस्तीवरची अकरा समोर लिंबाखाली. वर्गात एका बाकावर बसतात, एकमेकांचे खोडरबर पळवतात, कबड्डीत एकमेकांच्या उरावर पडतात, आणि ताट हातात आलं की दोन पंगती. दीड वर्ष झालं मला या शाळेत, रोज डोळ्यासमोर आहे. दिसलं मात्र आज, कारण लिंबाखाली ऊन आलं होतं तरी अकराजण तिथंच, डोळे बारीक करून खात बसलेले.

इकडं सावलीत या म्हणलं तर तिसरीतली भागी म्हणते, "आमची पंगत हिकडंच असती, मॅडम." कोणी सांगितलं म्हणून विचारलं. म्हणे, कोणी न्हाई. असती.

मंग ओरडले. आली बिचारी ताटं उचलून. खाली माना घालून चार घास खाल्ले आणि उठली. शाबास मला.

६ जाने., मंगळवार

गोदाकाकूंना विचारलं. शाळेत खिचडी शिजवतात त्या, गावातल्याच, सगळ्यांच्या चुलीपर्यंतच्या बातम्या त्यांच्याकडे. तांदूळ निवडता निवडता सांगितलं.

तीन वर्षांमागं मारुतीचा भंडारा होता. गावात घरोघर माणूस फिरला, हळदकुंकवाचे तांदूळ हातावर ठेवून आवतन दिलं. वस्ती ओढ्यापलीकडं, मेंढपाळांची पंधरा घरं. तिकडं जायचा कंटाळा केला आणि देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं, वस्तीवाल्यांनी बी प्रसादाला यावं. एक माणूस आलं नाही. तेव्हापासून वस्तीवरचे गावात पाणी पितात, चहा घेतात, पण जेवत नाहीत. कारभारी होते रंगनाथराव. म्हणजे आपल्या वेदांतचे आजोबा. वेदांत भागीच्याच बाकावर बसतो.

पोरांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांना फक्त कुठं बसायचं ते माहीत आहे.

८ जाने., गुरुवार

वरून पत्र आलं. १९ ते २६ मूल्यसप्ताह. आदर, बंधुता, सहकार्य. रोज एक उपक्रम, रोज तीन फोटो. काळे सर (आमचे मु.अ., शाळेत शिक्षक आम्ही दोघंच) लगेच घोषवाक्यांची यादी घेऊन बसले. मी म्हणलं, सर, बंधुतेचा फोटो कुठं काढायचा, व्हरांड्यात का लिंबाखाली? त्यांना कळलं. चष्मा पुसत बसले बराच वेळ. माणूस भला आहे, फक्त कागदाला लई भितो.

९ जाने., शुक्रवार

शाळा सुटल्यावर स्कूटी घेऊन वस्तीवर गेले. भागीचे आजोबा तुकाआबा कोकराच्या पायातला काटा काढत होते. वस्तीत त्यांचा शब्द चालतो. पाणी दिलं, चहा दिला, माझी चप्पल उन्हात होती ती भागीच्या बहिणीनं, सोनीनं, उचलून सावलीत ठेवली. सोनी सहा वर्षांची, अजून शाळेत घातलेली नाही.

मी २६ तारखेला झेंड्याला या म्हणलं. आबा हसले. मंग हळूच सांगितलं की जूनपासून वस्तीवरची सगळी पोरं लांबच्या निवासी शाळेत टाकायचं ठरून राह्यलंय. उन्हाळ्यात अकरा दाखले काढून न्यायचे. मी भंडाऱ्याचा विषय काढला, म्हणलं जुनी गोष्ट झाली, पोरांच्या शाळेचं काहून नुकसान करता.

"भोंग्यावरून तर हरवलेली म्हैस बी पुकारतेत, बाई. माणसाला दाराशी येऊन बोलवावं लागतं."

परत आले.

अकराजण गेले तर पट किती उरतो ते काळे सर बघतील. मला भागीचं वाटतं. वर्गात उत्तर यायच्या आधी जिचा हात वर असतो, चुकली तरी वर असतो. आठ-नऊ वर्षांची पोर घर सोडून राहायला जाणार, ते पण मोठ्यांनी तीन वर्षांपूर्वी एक ओढा ओलांडला नाही म्हणून. ती गेली तर मला करमायचं नाही. लिहून टाकते, इथं कोण वाचतंय.

१२ जाने., सोमवार

घोषवाक्यं रद्द. तिसरी-चौथीला घरचा अभ्यास दिला: तुमच्या घरी माणसाला मान कसा देतात, विचारून या. पुस्तकातलं एक अक्षर चालणार नाही.

१३ जाने., मंगळवार

काय काय आणलंय पोरांनी!

पाणी आधी, चौकशी नंतर. पाव्हण्याची चप्पल सावलीत सरकवायची. (तरीच सोनी.) निघताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. म्हाताऱ्या माणसाच्या आडवं जायचं नाही. कोणी जेवत असलं तर दारातून काम सांगायचं नाही.

वेदांत म्हणला, आमचे आजोबा आले की घरातले सगळे उठतात. भागी म्हणली, आमचे आबा आले की सगळ्या मेंढ्या उठतेत. वर्ग हसून हसून आडवा. वेदांत सगळ्यात जास्त हसला, त्याला उचकी लागली.

आणि आवतन. हे सात-आठजणांनी आणलं. मंग भागीचा हात वर. म्हणे, लग्नाला, भंडाऱ्याला दारी जाऊन आवतन देतेत, मंग झेंड्याला काहून न्हाई? खरंच की. दरवर्षी आम्ही मोबाईलच्या ग्रुपवर सूचना टाकतो आणि दहा माणसं येतात, त्यातली चार उशिरा. आमचा ग्रुप म्हणजे तरी काय, भोंगाच.

१४ जाने., बुधवार

संक्रांत. यांचा फोन आला होता. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात शिफ्ट असते, मी इकडं कुंभार पिंपळगावात खोली करून. फोनवर तिळगूळ, फोनवर गोड बोलणं. म्हणाले, तू गोड बोल, मी तोवर पोळी खातो. सव्वीसला सुट्टी आहे, आदल्या दिवशी येणार म्हणतात. बघू.

१६ जाने., शुक्रवार

ठरलं. २६ चं आवतन घरोघर, पोरं देणार. जोडीजोडीनं, एक गावातलं, एक वस्तीवरचं. गावात गेलं की वस्तीवरच्यानं बोलायचं, वस्तीवर गेलं की गावातल्यानं. ही अट माझी. बाकीचे नियम पोरांचे: एक घर सोडायचं नाही, भांडण असलेलं तर अजिबात नाही, कुलूप असलं तर कडीत तांदूळ ठेवून यायचे.

वस्तीवरचे अकरा म्हणजे जोड्या अकराच. गावातले सोळा उरले, ते नुसते मागं मागं. म्हणजे आवतन कमी आणि वरात जास्त.

आज वर्गाच्या दारात तालीम. मी घरमालकीण. पहिली जोडी आली, मी दार उघडून "कोण रे" म्हणलं की दोघं हसत पळून गेले. दुसऱ्या जोडीनं तांदूळ माझ्या हातावर ठेवायच्या आधी खाऊन टाकले. भागी मात्र पदर घेतल्यासारखी ओढणी डोक्यावर घेऊन आली, घरातले सगळे बरे हायेत का, गुरंढोरं बरी हायेत का, माझ्या सासूची तब्येत पण विचारली. मी बरी आहे म्हणलं. तर म्हणे, तुम्ही न्हाई हो, सासू.

काळे सरांनी फोटो काढले. आज पहिल्यांदा तीनच फोटोंवर थांबले नाहीत.

१९ जाने., सोमवार

शाळा सुटल्यावर गावातली वरची आळी. गंमतच गंमत. बाया भाकरीचे हात तसेच घेऊन दारात. वस्तीवरचं पोरगं आपल्या उंबऱ्याशी उभं राहून हळदकुंकवाचे तांदूळ देतंय म्हणल्यावर एकदोघी गडबडल्या, मंग पदर सावरून दोन्ही हात पुढं केले. एका म्हातारीनं तर भागीला वाकून नमस्कार केला. भागीनं आशीर्वाद दिला! सुखी राहा म्हणे.

रंगनाथराव मात्र घरी नव्हते. सूनबाईंनी तांदूळ घेतले.

२१ जाने., बुधवार

आज वस्ती. ओढ्याला पाणी घोट्याएवढं. तीन वर्षं एवढ्याशा पाण्यानं अडवलं होतं. पोरं चपला हातात घेऊन पार.

मला पहिल्याच घरी बायांनी चहाला धरून बसवलं, पोरं पुढं निघून गेली. मी पोचेपर्यंत तुकाआबांच्या दारातलं उरकलं होतं. वेदांत पांढराफटक. काय झालं म्हणलं तर काही नाही म्हणे, दिलं आवतन. आबा दारातच उभे होते. तांदूळ त्यांनी पागोट्याच्या घडीत खोचले होते, हळदीचा पिवळा डाग दिसत होता.

येताना स्कूटीवर गाणं म्हणत आले. बेसूर, पण रस्त्याला कोण होतं ऐकायला.

२४ जाने., शनिवार

असा दिवस परत नको. नाही, हवा. माहीत नाही. नीट लिहिते.

सकाळची शाळा. गोदाकाकू पातेलं घासता घासता म्हणाल्या, परवा गावात कोणीच भाकरी थापणार न्हाई, मंग शाळेला जळण किती आणायचं ते आधी सांगा. मी म्हणलं, काहून नाही थापणार?

"चूलबंद हाय ना तुमचं."

मला आधी कळलंच नाही. मंग काकूंनीच सांगितलं. चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी घरातली चूल पेटवायचीच नाही. म्हातारंकोतारं, तान्हं, घरी आलेला पाव्हणा, सगळं घर यजमानाकडं जेवायला. लग्नात जवळच्या भावकीला देतात असं. पोरांनी ते अख्ख्या गावाला देऊन टाकलं होतं, अधिक वस्ती. आणि आमच्याकडं झेंड्यानंतर प्रत्येकी दोन बिस्किटं असतात.

काळे सर खुर्चीत बसले ते बसलेच. थोड्या वेळानं म्हणाले, मॅडम, मी रजा टाकू का? मंग म्हणाले की फक्त झेंडावंदन आहे, जेवण नाही, असं सांगून टाकू. कसं सांगणार? तर म्हणे, देवळाच्या भोंग्यावरून.

भोंग्यावरून! मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात भागी दारात. सगळं ऐकलं होतं. "मॅडम, आवतन माघारी घेत असतेत का?"

आणि माझं डोकं फिरलं. म्हणलं, तू बोलू नको, हे सगळं तुझंच शहाणपण आहे. अख्ख्या शाळेसमोर. ती रडली नाही. दप्तर उचललं आणि जागेवर जाऊन बसली, हात खाली. पूर्ण वेळ हात खाली.

शाळा सुटल्यावर वेदांत थांबला. खांबाला चिकटून उभा. म्हणला, तो शब्द मी म्हणलो, मॅडम.

आबांनी विचारलं होतं, कोणाचा रे तू. यानं सांगितलं, रंगनाथरावांचा नातू. आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मंग विचारलं, आवतन एकट्याला का घराला? हा घाबरला. आत्याच्या लग्नात ऐकलेलं आठवलं आणि तोंडातून निघालं, चूलबंद. आबांनी दोन्ही हात पुढं केले.

पुढचंही त्यानंच सांगितलं. बाहेर आल्यावर भागी म्हणली, एका घराला चूलबंद आणि बाकीच्यांना नुसतं, असं कसं? सगळ्यांना सारखं पाहिजे. मंग पोरं मागं फिरली. वस्तीवरची झालेली घरं परत केली. काल आणि परवा शाळा सुटल्यावर गावातलं एकेक दार परत वाजवून सांगून आली. आम्हाला सांगायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण त्यांच्या मते यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

रोज सकाळी आम्ही त्यांच्याकडून संविधानाची प्रस्तावना म्हणून घेतो. समानता म्हणताना अर्धी पोरं जांभया देतात. मला वाटायचं, डोक्यावरून जातंय.

संध्याकाळी उजेड असतानाच वस्तीवर गेले. भागी कोकरं कोंडत होती, मला बघून वळली नाही. मी जवळ जाऊन म्हणलं, माझं चुकलं भागी. तुझं बराबर होतं, मी न विचारता ओरडले. ती म्हणली, बरं. एवढंच. तिला अजून राग होता आणि असायलाच पाहिजे होता.

आबांना खरं ते सांगितलं. पोरांनी शब्द दिलाय, माघारी घेणार नाही, पण आमच्याकडं पोरांपुरता तांदूळ आहे. आबांनी सावकाश तंबाखू मळली. यजमान कोण, असं विचारलं. मी म्हणलं शाळा. शाळा म्हंजे तुम्ही का पोरं? मी म्हणलं पोरं.

"मंग आमची भागी यजमान झाली. यजमानाच्या घरचा माणूस पाव्हणा म्हणून कसा बसंल, बाई? त्याला वाढायलाच यावं लागतं."

मला आधी कळेना, मंग कळलं आणि हसू आवरेना. ज्या ज्या घरचं पोरगं शाळेत, ते ते घर यजमान. घरची चूल बंद, शाळेची चालू. जवारीचं पीठ, डाळ, वांगी, जे घरात असंल ते घेऊन शाळेत यायचं आणि तिथं रांधायचं. आबा म्हणले वस्तीचं मी बघतो, गावाचं तुम्ही बघा. गावाचं म्हणजे रंगनाथरावांचं, हे त्यांनी बोललं नाही.

२५ जाने., रविवार

चूल पेटवून बघताना हात भाजलाय, थोडंच लिहिते.

सुट्टी असून अडतीसच्या अडतीस पोरं शाळेत. कालचं सगळ्यांसमोर झालं होतं, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. पोरं डोळे मोठे करून बघत राहिली, मॅडम सॉरी म्हणून राहिल्यात. भागी उभी राहिली. हात वर! म्हणली, मॅडम ते जाऊ द्या, पण मीठ कोण आणणार? कोणाच्याच यादीत मीठ नव्हतं.

गोदाकाकू आज सेनापती. त्यांनीच सकाळी गावात दारोदार जाऊन चूल कुठली बंद आणि कुठली चालू ते समजावून सांगितलं. तीन तीन दगडांच्या चुली मैदानात मांडून घेतल्या, काळे सरांना दगड वाहायला लावले. सर खूश. कागदापेक्षा दगड बरा म्हणाले.

मोठी कढई देवळाच्या खोलीत, किल्ली रंगनाथरावांकडं. मी जायला निघाले तर वेदांत म्हणला, मॅडम मी जातो. गेला आणि लई वेळ आला नाही. मी तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले. आला तो किल्ली घेऊन. काय म्हणले आजोबा? "न्या म्हणले. घासून द्या म्हणले." बस, दुसरं काही नाही.

दुपारी हे आले जालन्याहून मोटारसायकलवर, धुळीनं पांढरे. आल्या आल्या यांच्या हातात भोपळा आणि विळी.

जाताना भागी आणि वेदांत जोडीनं माझ्यासमोर. हातात तांदळाची वाटी. घरातले सगळे बरे हायेत का? मी म्हणलं, बरे. सासूबाई? त्याही बऱ्या. "तुम्हाला आन् सरांना बी चूलबंद हाय," भागी म्हणली, "तुमच्या घरचं पोरगं शाळेत न्हाई. पाव्हणे तुम्हीच."

दोन्ही हात पुढं करायचे असतात. मी भाजलेला हातही केला.

२६ जाने., सोमवार

सकाळी खोलीवर गॅस पेटवला नाही. यांना चहा लागतो, तोंड एवढंसं झालं, पण शब्द म्हणजे शब्द. मंग शाळेतच पहिला चहा मिळाला, वस्तीवरच्या दुधाचा.

झेंड्याला एवढी माणसं या मैदानानं कधी बघितली नसतील. मागच्या वर्षी मी माणसं मोजली होती, यंदा मोजायचं सुचलंच नाही. राष्ट्रगीत झालं आणि लगेच बाया चुलींकडं पळाल्या, भाषण करायचं म्हणून काळे सर माईकसमोर उभे ते उभेच. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. बघा, सुधारतात माणसं.

मंग धूर, जवारीच्या भाकरीचा थपथप आवाज, वांग्याच्या भाजीचा वास. गावातली बाई पीठ मळतेय, वस्तीवरची थापतेय. एकमेकींची भाकर बघून नावं ठेवणं सुरू झालं, तेव्हा मी सुटले. नावं ठेवतायत म्हणजे ओळख झाली.

पंगतीचा नियम पोरांचा: जसे येतील तसे बसायचं. पण पहिले बसले फक्त पाव्हणे. म्हणजे मी, हे, काळे सर आणि ज्यांच्या घरी शाळेतलं पोर नाही अशी म्हातारी जोडपी. बाकी अख्खं गाव उभं राहून आम्हाला वाढतंय. ताट काही रिकामं होईना. हे कानात म्हणाले, लग्नात सुद्धा आपल्याला एवढं कोणी बघितलं नव्हतं.

दुसरी पंगत यजमानांची. तुकाआबा बसले. त्यांच्या शेजारी गावातला कोण, आणि पलीकडं वस्तीवरची सोनी, पुढं परत गावातला. जसे आले तसे. आणि आबा ताटाला हात लावेनात. भाकर वाढली, भाजी वाढली, आबा हात मांडीवर ठेवून. हळूहळू बाकीच्यांचे हात पण थांबले. मला कळेना काय राहिलं. गोदाकाकूंनी माझा हात दाबला.

रंगनाथराव सकाळपासून फाटकाजवळ उभे होते. पांढरं धोतर, काठी. झेंड्याला सलाम केला पण आत आले नव्हते. ते आता चालत आले. काठी वेदांतकडं दिली. वरणाची बादली उचलली, त्या वयात, दोन्ही हातांनी. सरळ आबांसमोर जाऊन वाकले.

"आबा, वरण?"

"वाढा."

दोन पळ्या वाढल्या. आबांनी भाकर मोडली. आणि एकदम सगळी पंगत जेवायला लागली, जसं काही झालंच नाही. मी वर्गात जाऊन रडले. लगेच तोंड धुऊन बाहेर आले, कारण वरण संपत आलं होतं.

२७ जाने., मंगळवार

वर्गात पोरं पेंगतायत, मी पण.

मूल्यसप्ताहाचे फोटो पाठवायचे होते. काळे सरांनी मोबाईल बघितला: तालमीचे फोटो आहेत, दगडांचे आहेत, पंगतीचा एकही नाही. काढणार कधी, त्यांच्या हातात पळी होती. मंग त्यांनी रिकाम्या कढईचा पाठवला. खाली लिहिलं, बंधुता. काही विचारणा झाली तर मी उत्तर देते म्हणलं.

कढई घासून परत केली. वेदांतचे आजोबा म्हणे आतून बोट फिरवून बघत होते.

२ फेब्रु., सोमवार

आठवडाभर खिचडीला पंगत एकच. अगदी गोड वगैरे नाही, आता भिंतीला टेकायच्या जागेवरून मारामाऱ्या होतात. आज वेदांत आणि भागीची जुंपली. मी ओरडले. ठरवलेलं होतं की ओरडायचं नाही, पण आजचं ओरडणं चांगलं होतं.

दुपारी तुकाआबा शाळेत आले. सोनी बोट धरून. तीन वर्षांत पहिल्यांदा ऑफिसात पाय ठेवला. काळे सर जागेवर नव्हते. मी खुर्ची दिली, आधी पाणी दिलं, मंग विचारलं काय काम काढलं.

आबांनी विचारलं, दाखला काढायला काय काय लागतं, बाई?

मी सांगितलं. अर्ज लागतो, पालकाची सही लागते. आवाज सरळ ठेवला. कपाटातून अर्जाचा कागद काढून टेबलावर ठेवला. मनात म्हणलं, जेवणानं काय होतं, एका जेवणानं काय होत असतं का.

आबा कागदाकडं बघत राहिले. वाचता येत नाही त्यांना. मंग विचारलं, आणि नवं नाव घालायला काय लागतं?

मी तेही सांगितलं. दुसरा कागद काढला, पहिल्याच्या शेजारी ठेवला. आबा म्हणले, बरं. उठले. कागद एकही नेला नाही. कुठला पाहिजे होता ते सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. "येतो" म्हणले.

निघायला बघतात तर सोनी कुठं गेली. व्हरांड्यात पंगत चालू होती, ती भागी आणि वेदांतच्या मधे जाऊन बसली होती. गोदाकाकूंनी तिला ताट दिलं होतं. आबा तिचं जेवण होईपर्यंत लिंबाखाली उभे राहिले. मी त्यांची चप्पल उन्हातून सावलीत सरकवली.

दोन्ही कागद कपाटात वरच ठेवलेत, जूनपर्यंत खाली ठेवायचे नाहीत.